ब्रेस्ट इम्प्लांट शस्त्रक्रिया: आधी काय विचारावे, नंतर काय अपेक्षित असते

ब्रेस्ट इम्प्लांट म्हणजे स्तनाला आकार देण्यासाठी शरीरात बसवलेली सिलिकॉनची पिशवी. बाहेरचे आवरण सिलिकॉनचेच असते. आत सिलिकॉनचे घट्टसर जेल असते किंवा सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचे पाणी. ही शस्त्रक्रिया साधारण दोन कारणांनी केली जाते. कर्करोगामुळे स्तन काढावा लागला असेल तर तो पुन्हा घडवण्यासाठी, किंवा मुळात लहान असलेले, दोन्ही बाजूंना सारखे नसलेले, बाळंतपणानंतर वा वजन घटल्यानंतर ओसरलेले स्तन भरीव करण्यासाठी. दोन्हींमध्ये शस्त्रक्रिया वेगळी, बरे होण्याचा काळ वेगळा, खर्चाचा हिशेबही वेगळा. एक गोष्ट मात्र दोघींना सारखीच लागू आहे आणि ती पहिल्याच भेटीत स्पष्ट व्हायला हवी: इम्प्लांट एकदा बसवले की जन्माची काळजी मिटली, असे नसते.

इम्प्लांट किती वर्षे टिकते?

सिलिकॉन इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाली. त्यानंतर आवरण आणि आतले जेल दोन्ही बरेच सुधारले, पण कायम टिकणारे इम्प्लांट अजून कोणीही बनवलेले नाही. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीए हेच सांगते: ही आयुष्यभराची उपकरणे नाहीत, आणि जितकी वर्षे जातील तितकी गुंतागुंतीची आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते.

याचा अर्थ दहा वर्षे झाली की इम्प्लांट काढावेच लागते, असा नाही. हा फार पसरलेला गैरसमज आहे. त्रास नसेल आणि तपासण्या ठीक असतील तर ते तसेच ठेवता येते, आणि अनेक जणींचे त्याहून जास्त वर्षे चांगले राहते. पण अठ्ठाविसाव्या वर्षी इम्प्लांट बसवणाऱ्या स्त्रीने आयुष्यात आणखी एक तरी शस्त्रक्रिया लागेल असे धरून चालावे. तिचा खर्च, तिची भूल, तिच्यासाठीची सुट्टी, हे सगळे आजच्या निर्णयाचाच भाग आहे.

पुढे कधी इम्प्लांट काढले आणि नवे बसवले नाही, तर स्तन पूर्वीसारखे होतीलच असेही नाही. त्वचा ताणलेली असते, आतली ग्रंथी काहीशी दबून पातळ झालेली असते. त्यामुळे सैलपणा किंवा सुरकुत्या राहू शकतात. "नाही आवडले तर काढून टाकू" असे कोणी सहज म्हणत असेल तर हे लक्षात असू द्या.

डॉक्टर कोण आहेत, हे आधी पाहा

पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" असे लिहिलेले असले तरी पदवी पाहा. भारतात प्लास्टिक सर्जनकडे एमबीबीएस आणि सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणानंतर प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी असते. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात काही वावगे नाही. तो प्रिस्क्रिप्शनवर छापलेलाच असतो. शस्त्रक्रिया कुठे होणार, तिथे भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झाले तर कोण येणार, हेही विचारा. यावर चिडणाऱ्या डॉक्टरांकडे शस्त्रक्रिया न केलेलीच बरी.

आणखी एक प्रश्न बहुतेक जणी विचारत नाहीत: "पॅकेज" म्हणून सांगितलेल्या रकमेत काय काय येते? जंतुसंसर्ग झाला, रक्त साचले, इम्प्लांट सरकले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचे पैसे कोण देणार? हे लेखी घ्या.

केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आपल्याकडे आरोग्य विम्यात बसत नाही. पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना ही विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित नियमांनुसार "कॉस्मेटिक" म्हणून वगळलेल्या उपचारांत मोडत नाही. कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा दावा "हे कॉस्मेटिक आहे" असे सांगून नाकारला गेला, तर पॉलिसीतले हेच कलम दाखवून लेखी तक्रार करा. सर्जनच्या पत्रात "कर्करोगासाठी स्तन काढल्यानंतरची पुनर्रचना" असे स्वच्छ लिहिलेले असू द्या.

पहिल्या भेटीत काय बोलावे

घरात कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, पुढे मूल हवे आहे का, वजन नुकतेच कमी-जास्त झाले आहे का, रक्त गोठण्याचा त्रास, मधुमेह, थायरॉइड, संधिवातासारखे आजार, हे सगळे सांगा. वय आणि कुटुंबातील इतिहास पाहून आधी सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी केली जाते. ती टाळू नका. इम्प्लांट बसवण्याआधीचे चित्र हातात असले की पुढच्या तपासण्यांशी तुलना करता येते, आणि एखादी गाठ आधीच असेल तर ती सापडते.

तंबाखूबद्दल थोडे सविस्तर. सिगारेट ओढता का, असे विचारले की बहुतेक जणी "छे" म्हणतात, आणि ते खरेच असते. पण मिश्री? सकाळी दाताला मिश्री लावणे हे आपल्याकडे व्यसन म्हणून मोजलेच जात नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूतल्या निकोटिनमुळे त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोहोचते, कडा काळ्या पडतात, टाके उसवतात आणि इम्प्लांट उघडे पडून काढावे लागू शकते. स्तन काढल्यानंतर उरलेल्या पातळ त्वचेत तर हा धोका फारच मोठा. म्हणून सिगारेट, विडी, मिश्री, गुटखा, तंबाखू, सगळे शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटिनच्या गोळ्या वा च्युइंगगमही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सासूबाईंसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीला भेटायचे आहे असे सांगा.

एकटीने भेटण्याला दुसरेही कारण आहे. हा निर्णय कोणाचा आहे? नवऱ्याला वाटते म्हणून, लग्न ठरत नाही म्हणून, कोणीतरी काही बोलले म्हणून शस्त्रक्रिया करायला आलेल्या मुलीला मी थांबायला सांगते. शरीर तिचे, टाके तिचे, पुढच्या तपासण्याही तिच्याच. आणि आरशात रोज तासन् तास एकच दोष दिसत असेल, त्यापायी बाहेर पडणे बंद झाले असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे गरजेचे असते. अशा वेळी शस्त्रक्रियेने समाधान होत नाही. वयाबाबत अमेरिकेतील मर्यादा मार्गदर्शक ठरतात: केवळ आकार वाढवण्यासाठी सलाईनचे इम्प्लांट 18 वर्षांनंतर आणि सिलिकॉन जेलचे 22 वर्षांनंतर.

स्तनपानाबद्दल नेहमी विचारले जाते. इम्प्लांटनंतर अनेक जणी बाळाला अंगावर पाजू शकतात, पण दूध कमी येण्याची शक्यता राहते, विशेषतः स्तनाग्राभोवती छेद घेतला असेल तर. पुढच्या एक-दोन वर्षांत मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया बाळंतपण आणि स्तनपान संपल्यानंतर करणे शहाणपणाचे, कारण गरोदरपणात स्तनांचा आकार पुन्हा बदलतोच.

कोणते इम्प्लांट, कुठे आणि किती मोठे

सलाईनचे इम्प्लांट फुटले तर काही दिवसांतच स्तन बसतो आणि ते लगेच कळते. पाणी शरीर शोषून घेते. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट हाताला जास्त नैसर्गिक लागते, पण फुटले तरी बाहेरून काही कळेलच असे नाही. जेल जागच्या जागी राहते. याला "मूक" फुटणे म्हणतात, आणि त्यासाठीच पुढे नियमित तपासण्या लागतात.

पृष्ठभाग गुळगुळीत असतो किंवा खरखरीत. हा फरक आज महत्त्वाचा आहे. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात एएलसीएल नावाचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो. हा स्तनाच्या ग्रंथीचा नव्हे, तर लसिका पेशींचा कर्करोग आहे. एफडीएने 2011 मध्ये याकडे पहिल्यांदा लक्ष वेधले. नोंद झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकींच्या शरीरात खरखरीत इम्प्लांट होते किंवा पूर्वी बसवलेले होते. जुलै 2019 मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. ज्यांच्या शरीरात ती आहेत पण काहीही त्रास नाही, त्यांनी केवळ भीतीपोटी काढून घ्यावीत असा सल्ला एफडीएने दिलेला नाही; त्यांनी लक्षणांवर नजर ठेवावी. नवे इम्प्लांट बसवताना मात्र "पृष्ठभाग कसा आहे आणि का?" हे जरूर विचारा.

कंपनीचे नाव आणि मॉडेलही विचारा. पीआयपी या फ्रेंच कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरलेली इम्प्लांट विकल्याचे 2010 मध्ये उघड झाले. ती अनेक देशांत बसवली गेली होती, आणि आपल्या शरीरात कोणत्या कंपनीचे इम्प्लांट आहे हे शोधायला त्या स्त्रियांना जुने कागद धुंडाळावे लागले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

इम्प्लांट छातीच्या स्नायूवर, म्हणजे ग्रंथीच्या मागे, किंवा पूर्ण वा अर्धवट स्नायूखाली बसवतात. सडपातळ स्त्रीमध्ये स्नायूखाली बसवले तर कडा कमी दिसतात; पण सुरुवातीला दुखते जास्त, आणि हात जोरात दाबल्यावर स्तन हलल्यासारखा दिसू शकतो. छेद बहुधा स्तनाखालच्या घडीत घेतात. तो घडीत लपतो आणि सर्जनला आतले नीट दिसते.

आकाराबद्दल एक घरगुती युक्ती: पातळ मोज्यात तांदूळ भरून त्याची पुरचुंडी ब्रामध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवस घरात वावरा. फोटो दाखवून "अशी हवी" म्हणण्यापेक्षा यातून आपल्याला काय झेपते ते कळते. छातीच्या रुंदीपेक्षा मोठे इम्प्लांट हट्टाने बसवले तर त्वचा पातळ होते, ते खाली उतरते आणि दुसरी शस्त्रक्रिया लवकर लागते.

कर्करोगानंतर स्तन पुन्हा घडवताना

स्तन काढण्याच्या वेळीच पुनर्रचना करता येते किंवा सगळे उपचार संपल्यावर, काही महिन्यांनी वा वर्षांनीही. "आता उशीर झाला" असे सहसा नसते. पुनर्रचनेमुळे कर्करोग परत येण्याची शक्यता वाढत नाही. तरी वेळ ठरवताना कर्करोगाचा सर्जन, केमोथेरपी देणारे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन यांचे एकमत हवे. कारण जखम चिघळली तर पुढची केमोथेरपी लांबू शकते, आणि उपचार वेळेवर होणे आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

स्तन काढल्यावर त्वचा घट्ट असते, म्हणून पुष्कळदा काम दोन टप्प्यांत होते. आधी त्वचेखाली "एक्स्पांडर" नावाची रिकामी पिशवी बसवतात. जखम भरली की दर एक-दोन आठवड्यांनी ओपीडीत सुईने तिच्यात थोडे थोडे सलाईन भरतात, आणि गरोदरपणात पोटाची त्वचा ताणते तशी इथली त्वचा हळूहळू ताणली जाते. भरल्यानंतर एक-दोन दिवस छाती आवळल्यासारखी वाटते. त्या दिवशी साधी वेदनाशामक गोळी पुरते. काही महिन्यांनी एक्स्पांडर काढून कायमचे इम्प्लांट बसवतात. एक्स्पांडर आत असताना एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगा. अनेक एक्स्पांडरमध्ये लोहचुंबक असतो आणि त्यामुळे एमआरआय धोक्याचा ठरू शकतो.

या सगळ्यात रेडिएशनचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. रेडिएशन झालेली त्वचा कडक होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. तिथे इम्प्लांट बसवले, किंवा इम्प्लांट असताना रेडिएशन द्यावे लागले, तर भोवतालचे आवरण आवळण्याचे, जखम न भरण्याचे आणि इम्प्लांट काढावे लागण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते. म्हणून अशा रुग्णांना पोटाची त्वचा-चरबी किंवा पाठीचा स्नायू वापरून स्वतःच्याच शरीरातून स्तन घडवण्याचा पर्याय सुचवतात. ती शस्त्रक्रिया मोठी असते, इस्पितळात जास्त दिवस राहावे लागते, पोटावर किंवा पाठीवर आणखी एक व्रण येतो. पण घडलेला स्तन आपल्याच पेशींचा असतो आणि वजनाबरोबर कमी-जास्त होतो. "मला रेडिएशन लागणार आहे का?" हा प्रश्न इम्प्लांटचा आकार ठरवण्याच्या आधी विचारायचा आहे.

पुनर्रचित स्तन कपड्यांत चांगला दिसतो. स्पर्शाची जाणीव मात्र पूर्वीसारखी परत येत नाही. बराचसा भाग बधिर राहतो. गरम पाण्याची पिशवी किंवा शेकाचा पॅड तिथे ठेवू नका. भाजलेले कळत नाही.

आणि पुनर्रचना न करणे हाही पूर्ण, विचारपूर्वक निर्णय असू शकतो. ब्रामध्ये ठेवायचा कृत्रिम स्तन मिळतो, आणि काही जणी तोही न वापरता छान राहतात. कोणी घाई करत असेल तर वेळ मागून घ्या.

शस्त्रक्रियेच्या आधीचे दिवस

रक्त, लघवी, ईसीजी, गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे होतो. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर पाहतात आणि ती आटोक्यात नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, रक्त पातळ करणारी औषधे, "ई" जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काढे, आयुर्वेदिक वा वजन कमी करण्याची चूर्णे, घेत असाल ते सगळे पिशवीत घालून दाखवायला न्या. काहींमुळे रक्तस्राव वाढतो. हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो.

घरची तयारी आधीच करून ठेवा. वरच्या फळीवरचे चहा-साखरेचे डबे, औषधे, चार्जर कमरेच्या उंचीवर आणा. डोक्यावरून घालायचे कपडे काही दिवस जमणार नाहीत. पुढून उघडणारे गाऊन, शर्ट काढून ठेवा. लहान मूल असेल तर त्याला उचलायला निदान तीन-चार आठवडे दुसरे कोणीतरी हवे. हे सर्वांत कठीण जाते, म्हणून आईला किंवा बहिणीला आधीच बोलावून घ्या. परदेशातून सुट्टीवर येऊन शस्त्रक्रिया करणार असाल तर परतीचे तिकीट टाके आणि नळ्या निघाल्यानंतरचे, आणि दगदगीला जागा ठेवून काढा. विमानात इम्प्लांट फुटते ही अफवाच आहे. लांबच्या प्रवासात पायात गुठळी होण्याचा धोका खरा आहे.

साधारणपणे भुलेच्या सहा तास आधी खाणे बंद, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील, तीच पाळा. "एक कप चहाने काय होते" असे घरचे म्हणतील. दुधाचा चहा हे खाणेच धरतात, आणि भरल्या पोटी भूल दिली तर पोटातले फुप्फुसात जाऊ शकते. नेलपॉलिश काढा, बोटांच्या टोकांना मेंदी लावू नका, मंगळसूत्र-बांगड्या घरी ठेवा.

आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेला पूर्ण भुलीखाली साधारण एक ते दोन तास लागतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. स्तन काढून लगेच पुनर्रचना असेल तर वेळही जास्त आणि मुक्कामही.

पहिले दोन आठवडे

शुद्धीवर आल्यावर बहुतेक जणी एकच वर्णन करतात: छातीवर कोणीतरी बसले आहे. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हे जास्त जाणवते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत त्रासाचे, मग रोज थोडे कमी. गोळी दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळी घ्या. तीव्र वेदनाशामकांनी शौचाला कडक होते. पाणी, फळे, लागल्यास इसबगोल. कुंथण्याने छातीवरही ताण येतो.

पाठीवर, दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसल्यासारखे झोपा. पोटावर झोपणे बरेच आठवडे बंद. उठताना हातावर जोर देऊ नका; कोणीतरी पाठीला हात देऊन बसवावे. दुसऱ्या दिवसापासून घरात चालायचे आहे. पलंगावर पडून राहणे म्हणजे विश्रांती, हा समज इथे घातक ठरतो, कारण पायात गुठळी होऊ शकते.

पुनर्रचनेत, आणि कधी इतर वेळीही, जखमेतून एक-दोन नळ्या बाहेर काढलेल्या असतात. त्यांना जोडलेल्या छोट्या डब्यात लालसर, पुढे पिवळसर पाणी जमते. ते रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. चोवीस तासांत साधारण 20 ते 30 मिलिलिटरपेक्षा कमी झाले की नळी काढतात. नळी दारात, खुर्चीत अडकून ओढली जाते. गाऊनला आतून पिनेने अडकवून ठेवा. डबा हाताळण्याआधी हात साबणाने धुवा.

आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर ओल्या फडक्याने अंग पुसा. जखमेवर हळद, तूप, कोणतेही तेल नको. सर्जिकल ब्रा सांगितली असेल तितके दिवस, रात्रीसुद्धा. तारेची ब्रा नको.

हात अगदी बांधून ठेवू नका, नाहीतर खांदा आखडतो. केस विंचरणे, घास घेणे, तोंड धुणे चालते. कुकर उचलणे, बादली, कणीक मळणे, कपडे पिळणे, हे चार ते सहा आठवडे नाही. बैठी नोकरी असेल तर आकार वाढवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडा-दहा दिवसांत कामावर जाता येते. पुनर्रचनेनंतर तीन ते सहा आठवडे धरा. कामावर जाणे म्हणजे मुंबईत लोकलच्या गर्दीत शिरणे असेल, तर आणखी थोडे थांबा किंवा वेळ बदलून घ्या. दुचाकी, चारचाकी तेव्हाच, जेव्हा वेदनाशामक गोळी बंद आहे आणि दचकून ब्रेक दाबताना, हँडल वळवताना दुखत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येते. स्तन सुजलेले, वर चढलेले, टणक आणि परके वाटतात. दोन्ही सारखेही दिसत नाहीत. यावरून अंतिम आकाराचा अंदाज करू नका.

लगेच फोन करावा अशी लक्षणे

एक स्तन दुसऱ्यापेक्षा अचानक मोठा, ताठ, काळानिळा झाला आणि दुखणे झपाट्याने वाढले, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. सकाळची वाट पाहू नका. थंडी वाजून ताप, पसरणारी लाली, जखमेतून पू किंवा दुर्गंध, टाके उसवून आतले काही दिसणे, त्वचेचा किंवा स्तनाग्राचा भाग काळपट पडणे, ही कारणे त्याच दिवशी दाखवण्याची. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. त्या जागी वाढलेली उष्णता, चकाकी आणि सूज याकडे लक्ष द्या. पोटरी एका बाजूला सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर थेट मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात जा.

इम्प्लांटला जंतुसंसर्ग झाला तर कधी केवळ प्रतिजैविकांनी भागते, कधी ते काढून काही महिने थांबावे लागते. मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून दोन दिवस घालवले तर इम्प्लांट वाचण्याची संधी कमी होते.

पुढचे महिने

सूज ओसरून इम्प्लांट जागेवर बसायला तीन ते सहा महिने लागतात. व्रण सुरुवातीला लालसर, कडक असतो आणि वर्षभरात निवळतो. आपल्या त्वचेत व्रण जाड, खाजरा होण्याची प्रवृत्ती जास्त असते. कान टोचलेल्या जागी किंवा जुन्या जखमेवर अशी गाठ आली असेल तर आधीच सांगा. स्तनाग्र बधिर किंवा उलट फार संवेदनशील होऊ शकते. बहुधा ते काही महिन्यांत सुधारते, काही जणींमध्ये कायम राहते. चालणे लगेच, धावणे आणि जिम साधारण सहा आठवड्यांनी, पोहणे जखम पूर्ण भरल्यावर. शरीरसंबंध दोन-तीन आठवड्यांनी, छातीवर भार न येईल अशा बेताने. मालिश सर्वांनाच लागत नाही. सांगितले असेल तरच आणि दाखवले तसेच करा.

पुढची वर्षे

शरीर कोणत्याही बाहेरच्या वस्तूभोवती पातळ पापुद्रा तयार करते. तो इथेही होतो आणि ते नैसर्गिकच आहे. काही जणींमध्ये तो जाड होऊन आवळत जातो. स्तन टणक होतो, वर ओढला जातो, दुखतो. पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याच्या मुख्य कारणांपैकी हे एक आहे. हळूहळू वाढणारा टणकपणा "वयामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका.

सिलिकॉन जेलचे इम्प्लांट असेल तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली आणि मग दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, असे एफडीए सुचवते. हा खर्च आयुष्यभराचा आहे. फुटल्याचे दिसले तर सहसा इम्प्लांट काढायला सांगतात. पण ती रात्रीत पळत जाण्याची घटना नसते.

मॅमोग्राफी इम्प्लांट असतानाही करता येते आणि वयाप्रमाणे करायलाच हवी. तंत्रज्ञांना आधी सांगा, म्हणजे ते इम्प्लांट मागे सारून वेगळ्या कोनातून जादा चित्रे घेतात. कर्करोगामुळे पूर्ण स्तन काढला असेल तर त्या बाजूची मॅमोग्राफी सहसा लागत नाही. दुसऱ्या बाजूची लागते.

शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे सगळे ठीक असताना एका बाजूला अचानक सूज आली, पाणी साचले, किंवा गाठ लागली, तर एएलसीएलचा विचार करावा लागतो. सोनोग्राफीखाली ते पाणी काढून खास तपासणीला पाठवतात. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि भोवतालचे पूर्ण आवरण काढणे हाच मुख्य उपचार असतो आणि त्याने बहुतेकींचा रोग बरा होतो. म्हणून असे पाणी नुसते काढून टाकून देऊ नये. ते तपासायला पाठवले का, हे विचारा.

थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा, पुरळ अशा तक्रारी काही जणींना इम्प्लांटनंतर जाणवतात. त्यासाठी एखादी निश्चित चाचणी नाही, आणि सर्वांमागे इम्प्लांटच असते असेही नाही. थायरॉइड, रक्तक्षय, ब जीवनसत्त्वाची कमतरता, पाळी जाण्याचा काळ यांतही हेच दिसते, म्हणून आधी ते तपासतात. इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटले आहे. तक्रार "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावली गेली तर दुसरे मत घ्या.

इस्पितळातून घरी येताना इम्प्लांटचे कार्ड किंवा पाकिटावरचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग, आकार आणि अनुक्रमांक असतो. दोन्ही बाजूंची वेगवेगळी. एक प्रत फाइलमध्ये, एक फोटो तुमच्या मोबाइलमध्ये आणि एक घरातल्या अशा व्यक्तीकडे ठेवा जिला हे माहीत असावे असे तुम्हाला वाटते.